जंगलात न गेलेला हत्ती

१

पाव आणायला गेलेली यारमिला स्कालित्स्का जिने चढून वर आली, तर दारात भाची उभी. ब्रनोमध्ये सकाळी सकाळी कोणी न सांगता दारात उभं राहत नाही. राहिलंच तर एक तर कोणी मेलेलं असतं, नाहीतर कोणाची नोकरी गेलेली असते.

"मावशी, म्यूटम गेलं," हेडविका म्हणाली.

"कोण, मांजर?"

"मस्करी नको गं. आत चल."

यारमिला पोलिसातून निवृत्त झाली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भानगडी निस्तरून तिचे गुडघे झिजले होते आणि माणसांबद्दलची उत्सुकताही. तिला आता फक्त पाव, लोणी आणि शांतता हवी होती. पण भाची वकील होती, आणि वकील भाची आली की शांतता मागच्या दाराने निघून जाते.

म्यूटम हे फायलींना कुलूप लावायचं सॉफ्टवेअर. फुकटचं, आणि जगभर वापरलं जाणारं. पत्रकार, डॉक्टर, वकील, सगळे त्याच्या भरवशावर झोपतात. हेडविकाने फोन पुढे केला. म्यूटमच्या पानावर सकाळपासून दोनच वाक्यं होती: "हे वापरू नका. हे सुरक्षित आहे असं आम्ही आता सांगू शकत नाही."

"मग वापरू नकोस," यारमिला म्हणाली आणि पाव कापायला घेतला.

"माझी डिस्क जप्त झालीय, मावशी. गेल्या आठवड्यात, त्यांच्या सीमेवर."

यारमिलाची सुरी थांबली. कोणती सीमा ते तिला माहीत होतं. तिथल्या तुरुंगात काय चालतं याची साक्ष देणाऱ्या माणसांचा खटला हेडविका कितीतरी दिवस चालवत होती. साक्षीदारांची खरी नावं त्या डिस्कवर होती. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी हेडविकाने ती भरून, म्यूटमचं कुलूप लावून ठेवली होती. नंतर ती उघडायची वेळच आली नव्हती. त्या बाळंतपणातलं पोरगं आता बालवाडीत जाऊन इतर पोरांना चावत होतं.

"कुलूप मोडलं असेल तर त्या सगळ्यांना उद्या सकाळीच घरातून काढायला हवं," हेडविका म्हणाली. "आणि मोडलं नसेल आणि तरी मी त्यांना काढलं, तर त्यांची रिकामी घरंच सांगतील, साक्षीदार कोण होते ते. उद्या सकाळी तिकडचा आमचा माणूस विचारणार, काय करू? मी काय सांगू त्याला?"

"ज्यांनी लिहिलंय त्यांना विचार."

"ते कोण आहेत हेच कोणाला माहीत नाही."

तिघं होते. बुद्धिबळाच्या सोंगट्यांची नावं घेऊन वावरायचे: हत्ती, उंट आणि घोडा. तिघांकडे एकेक किल्ली. दोन किल्ल्या लागल्याशिवाय म्यूटमच्या नावाने एक अक्षरही बाहेर पडत नसे. म्हणजे ही सूचना कोणा एकाचा चावटपणा नव्हता. तिच्यावर हत्ती आणि उंट यांच्या किल्ल्या होत्या.

"दोघांना कोणीतरी विकत घेतलंय," हेडविका म्हणाली, "किंवा धमकावलंय, किंवा खरंच मोडलंय. यातलं कुठलं, एवढंच शोधून दे."

"जगातले मोठमोठे लोक वर्षानुवर्षं त्यांना शोधतायत. मला पाव आणायला गेलं तरी धाप लागते."

पण एवढं बोलून ती चष्मा शोधायला उठली, आणि हेडविकाने पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

२

म्यूटमचं सगळं काम उघड्यावर चाले. कोणत्या सोंगटीने कोणती ओळ कधी बदलली आणि त्यावर दुसऱ्या दोघांनी काय म्हटलं, हे कोणालाही वाचता येई. त्यातलं यारमिलाला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती. पोलिसात तिला एक गोष्ट समजली होती. माणूस जे करतो त्यात तो सावध असतो. काही करत नाही तेव्हा मात्र गाफील सापडतो.

"ते गप्प कधी असतात?" तिने विचारलं.

"तेच तर. नाताळात काम, ईस्टरला काम, नववर्षाला काम. रात्री-बेरात्री, कधीही. कोणाला वाटतं ते जपानचे आहेत, कोणाला वाटतं ब्राझीलचे."

"कामं मोजू नकोस. भोकं दाखव."

हेडविका स्क्रीन सरकवत गेली. भोकं होती, पण विचित्र. दर वर्षी उन्हाळा सरता सरता किंवा शरदात तिघं एकदम काही दिवस गप्प. एका वर्षी ऑगस्टमध्ये, दुसऱ्या वर्षी थेट ऑक्टोबरमध्ये. कुठल्याच देशाचा, कुठल्याच धर्माचा सण त्यात बसत नव्हता.

यारमिलाने ते दिवस कागदावर उतरवले. मग तिला हसू आलं. सकाळी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या टोपलीचा वास भरून राहिला होता, ओल्या मातीचा. तिने हवामान खात्यातल्या जुन्या मित्राला, फेर्दाला फोन लावला आणि ते दिवस वाचून दाखवले.

"यारमिला, म्हातारचळ लागला का?" फेर्दा म्हणाला. "हे तर अळंबीचे दिवस. आधी चांगला पाऊस, मग ऊब. पण थांब. यातल्या दोन वर्षी आपल्याकडे ठणठणाट होता. तेव्हा पाऊस होता फक्त उंचावर, यावोर्काच्या बाजूला. तिकडं म्हणे टोपल्या पुरल्या नाहीत. मी गेलो नाही, अजून हळहळतोय."

यारमिलाने फोन ठेवला. "नाताळ लपवला, ईस्टर लपवला, दिवस-रात्र लपवली. पण जंगलात अळंबी उगवलेली असताना चेक माणूस घरात बसत नाही, मग त्याच्या हातात जगाची किल्ली का असेना. तिघं आपलेच आहेत, आणि एकाच रानात जाणारे."

हेडविकाने तारखा पुन्हा तपासल्या. मग पुन्हा स्क्रीनकडे वळली आणि म्हणाली, "पण गेली दोन वर्षं तसं नाही. उंट आणि घोडा गप्प होतात. हत्ती चालूच असतो."

"म्हणजे हत्तीने जंगल सोडलं."

"आजारी असेल."

"किंवा मेला असेल," यारमिला बूट चढवत म्हणाली.

"मेलेला माणूस आज सकाळी किल्ली कशी लावेल?"

"तेच विचारायला निघालेय," यारमिला म्हणाली.

३

यावोर्काला बस दुपारी पोचली. गावात एक चर्च, एक तळं आणि एक गुत्ता. गुत्त्यात शेपू घातलेलं अळंबीचं आंबट सूप मिळत होतं. यारमिलाने ते मागवलं आणि शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्याकडची यापेक्षा चवदार असतात."

एवढं पुरलं. टेबलावरचे तिघं-चौघं एकदम तिच्यावर तुटून पडले. तुमच्याकडे म्हणजे कुठे? ब्रनोला? तिथे फुटपाथवर उगवतात का? हसून-भांडून झाल्यावर यारमिलाने हळूच विचारलं, "गावातलं कोणी अळंबीला जायचं सोडून दिलंय, असं आहे का?"

"सोडून?" गुत्तेवाला एर्विन म्हणाला. "पाय मोडला तरी लोक कुबड्या घेऊन जातात. हां, एक वात्सेकांची बोहदानाबाई जात नाही. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला ना, ल्युबोर. रानातच गेला, टोपली भरलेली होती. टेलिफोन खात्यात होता. देवमाणूस, पण जागेच्या बाबतीत मेला पक्का चोर."

"जागेच्या?"

"अळंबीच्या जागेच्या हो! सांगत तर कोणीच नाही, पण या गावात तिघं अशी होती की ताकास तूर लागू देत नसत. एक ल्युबोर. दुसरे ब्लाहा इंजिनियर, कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांची बायको एकदा लपत लपत त्यांच्या मागे गेली. त्यांनी तिला रानभर फिरवून शेजारच्या गावात नेलं आणि आइस्क्रीम घेऊन दिलं."

टेबल खदखदलं.

"आणि तिसरी आमची गुरांची डॉक्टर, लेओना. तिला तर पाजूनही विचारून पाहिलं. पिणाऱ्यांनाच घरी पोचवून आली."

"आणि बोहदानाबाईंकडे कोणी येतं-जातं?"

टेबलाने एकमेकांकडे पाहिलं. "आता विचारताय म्हणून," एर्विन आवाज खाली आणत म्हणाला, "गेल्या महिन्यापासून एक परदेशी नंबराची गाडी येते. उंची गाडी. माणूस सूट घालून. आत गेला की तास-तास बाहेर येत नाही."

यारमिलाच्या तोंडातलं सूप कडू झालं. विधवा बाई, मेलेल्या नवऱ्याची किल्ली, सूट घातलेला परदेशी. अशा गोष्टी तिने फार पाहिल्या होत्या, आणि त्यांचा शेवट नेहमी एकच असे.

४

बोहदानाबाईंनी दार उघडलं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या घरातल्या चपला पुढे सरकवल्या आणि कॉफी ठेवली. आपण कोण, कशाला आलात, हे विचारलं ते त्यानंतर. पोस्टाच्या खिडकीत आयुष्य काढलेली, गोल चेहऱ्याची, नीटनेटकी बाई. डोळ्यांखाली मात्र काळं. पुष्कळ दिवस झोप न लागलेल्या माणसाचं.

"सूट घालून येतो तो कोण?" यारमिलाने सरळच विचारलं. आडवळणं घेण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"एर्विनने सांगितलं वाटतं. माझा होणारा जावई आहे हो तो. लिंत्सचा. मुलीचा हात मागायला सूट घालून आला, आणि मी हो म्हटलं तरी अजून सूट घालूनच येतो. काय बोलायचं कळत नाही म्हणून केक खात बसतो." भिंतीवर फोटो होता. मुलगी हसत होती आणि तो सूटमध्ये घामाघूम झाला होता.

सूपचा कडूपणा उतरला. पण मग उरलं काय?

"बाई, हत्ती तुम्हीच ना?"

बोहदानाबाई हसल्या. "वजन वाढलंय खरं."

"गेली दोन वर्षं हत्ती अळंबीच्या दिवसांत जंगलात जात नाही. आणि आधी हत्ती प्रत्येक ओळीवर भांडायचा. हे पुन्हा लिही, ते चुकलंय, इथे भोक आहे. दोन वर्षांत तो एकदाही भांडलेला नाही. सगळ्याला 'ठीक आहे' म्हणतो. माझ्या भाचीने बसमध्ये मला फोनवर सगळं वाचून दाखवलं. हे भांडणाऱ्या माणसाचं लक्षण नाही. न कळणाऱ्या माणसाचं आहे."

बोहदानाबाईंनी कप खाली ठेवला. बशीत कॉफी सांडली आणि त्यांनी ती पुसली नाही. मग यारमिलाने डिस्कबद्दल सांगितलं, उद्याच्या सकाळबद्दल सांगितलं, रिकाम्या घरांबद्दलही. बोलताना तिचाच आवाज तिला परका वाटला, इतका तो दमलेला होता.

"बाकी दोघं कोण ते मी सांगणार नाही," शेवटी बोहदानाबाई म्हणाल्या. "ल्युबोरची शपथ आहे."

"नका सांगू. मला एवढंच सांगा, कुलूप मोडलंय का?"

"मला माहीत नाही."

"मग सूचना कशी लावलीत?"

"माहीत नाही, म्हणूनच लावली," बोहदानाबाई म्हणाल्या.

५

एर्विनने सांगितलेल्या तिघांतला ल्युबोर हत्ती निघाला, तेव्हा उरलेले दोघं उंट आणि घोडा असणार, असा अंदाज बांधून यारमिला आधी ब्लाहांकडे गेली. ब्लाहा इंजिनियर अंगणात सफरचंदं वेचत होते. वेचत कसले, चाचपडत होते. गवतात हात फिरवून फळ लागलं की उचलायचे. यारमिलाने जवळ जाऊन हलकेच म्हटलं, "उंटसाहेब, मी पकडायला आले नाहीये."

म्हाताऱ्याचा हात गवतातच थांबला. ते म्हणाले, "आवाजावरून पोलिसातल्या वाटता."

"होते. आता फक्त मावशी आहे. आज सकाळी तुम्ही किल्ली का लावलीत?"

"हत्तीने सांगितलं म्हणून. त्याला मी कारण विचारत नाही. माझ्यापेक्षा दहा पट बारकाईने वाचतो तो. माझे डोळे गेले दोन वर्षांपूर्वी. पत्रं तेवढी संगणक वाचून दाखवतो, पण हत्तीला हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, हत्ती वाचतोय ना, मग मी ठीक म्हणायला काय हरकत?"

यारमिलाने विचारलं, "हत्ती कोण, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही. कधी विचारलंही नाही. असेल कुठेतरी जगाच्या पाठीवर. ठणठणीत आहे, सोमवारीच लिहिलं त्याने."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. यारमिलाला ते त्यांना सांगवेना. ती एवढंच म्हणाली, "संध्याकाळी बोहदानाबाईंकडे या. त्यांच्याकडून काही ऐकायचंय तुम्हाला."

लेओना गोठ्यात सापडली. खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात, कपाळावर घाम. यारमिलाने 'घोडा' म्हणताच तिने मान वळवली, हात तसाच ठेवून.

"वासरू निघू द्या, मग अटक करा," ती म्हणाली.

"कुलूप मोडलंय का?"

"मी लिहिलंय. मला विचाराल तर नाही. किल्ली मागितली तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं, पण दोघांनी लावली." तिने हात आणखी आत घातला. "खरं सांगू? दोन वर्षं माझी एक चूक कोणी काढलेली नाही. आधी वाटलं, मी फार हुशार झाले. मग भीती वाटायला लागली. आंधळा म्हातारा नि गाय यांच्याशिवाय माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि तिकडे दोघं नुसते 'ठीक आहे, ठीक आहे'."

"तो आंधळा म्हातारा संध्याकाळी तुझ्यासमोर बसणार आहे," यारमिला म्हणाली. "तूही ये."

६

बोहदानाबाईंनी अळंबी घातलेली भुर्जी केली होती. कोणी खाल्ली नाही. ब्लाहा आणि लेओना एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते, आणि आता एकमेकांकडे बघायला लाजत होते.

"हत्ती म्हणजे माझा ल्युबोर," बोहदानाबाई म्हणाल्या. "तुम्हा दोघांना त्यानेच निवडलं, नाव न सांगता. म्हणायचा, जो माणूस तीस वर्षं अळंबीची जागा बायकोला सांगत नाही, तो किल्लीही कोणाला सांगणार नाही. पत्त्यांत तुम्ही त्याला शिव्या घालायचात, ब्लाहा, आणि घरी येऊन तो तुम्हाला अदबीने पत्र लिहायचा. हसून हसून पोट दुखायचं आमचं."

ब्लाहा म्हणाले, "त्याच्या शवपेटीला मी खांदा दिला. आणि घरी जाऊन त्यालाच लिहिलं, की आज एक मित्र पोचवून आलो, दोन दिवस काम जमणार नाही."

"मी वाचलं ते. उत्तरही मीच दिलं. त्याने मला पासवर्ड दिला होता, आणि एवढंच सांगितलं होतं की बंद पडू देऊ नकोस. वाटलं, तुम्ही दोघं वाचताय, मी नुसतं हो म्हणायला काय जातं? हो म्हटलं की वाटायचं तो अजून आहे. पण परवा लेओनाने नवीन काहीतरी पाठवलं आणि विचारलं, 'नीट बघितलंस ना?' मला रडू आलं. मी कधीच काही बघितलं नव्हतं."

यारमिलाने ते तिच्या पद्धतीने मांडलं, कारण कोणीतरी मांडायलाच हवं होतं. "म्हणजे बोहदानाबाई ब्लाहांवर विसंबल्या, ब्लाहा हत्तीवर, आणि लेओना दोघांवर. कोणी विकलं गेलं नाही, कोणी धमकावलं नाही. दोन वर्षं कोणी वाचलंच नाही, एवढंच झालं. सूचनेतलं वाक्यही खरंच आहे, 'आता सांगू शकत नाही'. आणि ल्युबोर असेपर्यंतचं?"

"ते तिघांनी ओळ न् ओळ भांडून घेतलेलं आहे," ब्लाहा म्हणाले. "त्याची हमी मी डोकं गहाण ठेवून देईन."

"तेव्हा लावलेलं कुलूप नंतरच्या बदलांनी बिघडतं का?"

"नाही," लेओना म्हणाली. "जे तेव्हा बंद केलं आणि पुन्हा उघडलं नाही, ते तेव्हाचंच राहतं."

यारमिलाने तिथेच हेडविकाला फोन लावला. "तुझी डिस्क पोराच्या आधीची. तेव्हाचं कुलूप पक्कं आहे. लोकांना सांग, घरीच राहा. रोजच्यासारखे कामाला जा."

"कोणाच्या शब्दावर, मावशी?"

"माझ्या. कोण ते विचारू नकोस."

मग हेडविका म्हणाली, "सांगते. पण आता सगळ्यांना नाही सांगता येणार. एक निघून गेली. सकाळी तिने स्वतःच ती सूचना वाचली, कोणाला न विचारता पोरांना घेऊन निघाली. दुपारी नाक्यावर पकडली. आत्ताच कळलं."

फोनचा आवाज मोठा होता. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

"तिचं नाव काय?" बोहदानाबाईंनी विचारलं.

"नाव नाही सांगता येत," यारमिला म्हणाली. तिला वाटलं, खोटं बोलावं, ती सुटेल म्हणावं. पण ती फार दमली होती, आणि समोरची बाई दोन वर्षं खोटं बोलूनच इथवर आली होती.

बोहदानाबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा रडून सुजला होता, पण आवाज पोस्टाच्या खिडकीतला होता. "कुठपर्यंतचं धड आहे नि कुठपासूनचं कोणी वाचलेलं नाही, एवढं लिहिलं असतं तर ती घरी राहिली असती. मला लाज वाटली. आपण वाचलं नाही हे कोण लिहितं? म्हणून गोलमाल लिहिलं. आणि ते तिने खरं मानलं."

"मी तरी काय विचारलं?" ब्लाहा म्हणाले. "बाई, आता माझ्याच्याने होत नाही. मी थकलोय."

"मीही," लेओना म्हणाली.

"सगळेच थकलोय. बसा." बोहदानाबाईंनी भुर्जीच्या ताटल्या बाजूला सारल्या आणि ल्युबोरचा संगणक टेबलावर आणला. आधी त्यांनी सूचना बदलली. अगदी साध्या शब्दांत, जे खरं होतं ते. लेओना आणि ब्लाहा, दोघांनी मिळून आपापल्या किल्ल्या लावल्या. मग बोहदानाबाईंनी चष्मा पुसला.

"लेओना, त्याच्या नंतरचं पहिलं काढ आणि मोठ्याने वाच. ब्लाहांना दिसत नाही आणि मला कळत नाही. कळलं नाही की मी थांबवणार. शंभरदा थांबवणार. थांबवलं की मला समजावून सांगायचं, नाहीतर पुढे जायचं नाही."

लेओनाने पहिली ओळ वाचली.

"थांब," बोहदानाबाई म्हणाल्या.